पंचवीस किलो आणि उघडा टप

लुप्पो विर्सेमाची अट एकच होती. गाडी लाल असो, निळी असो, दहा वर्षं जुनी असो की वीस, तिच्यात बटाट्यांचं पंचवीस किलोचं पोतं मावलं पाहिजे. सात आठवडे म्हणजे एकोणपन्नास दिवस. दोघांना मिळून रोज अर्धा किलो, झाले साडेचोवीस. उरलेला अर्धा किलो पाहुणा आला तर.

"कोण पाहुणा?" फेन्नाने विचारलं. "पोर्तुगालच्या टोकाला आपल्याकडे जेवायला कोण येणार आहे?"

"सांगता येत नाही," लुप्पो म्हणाला.

"आणि पोर्तुगालात बटाटे मिळत नाहीत का?"

"मिळतात. पण कसले?"

"तू खाल्लेस कधी?"

"खायची काय गरज आहे?"

अडीच हजार किलोमीटरवरून, न बघता, न चाखता, लुप्पोने एका अख्ख्या देशाचे बटाटे नापास केले होते. आणि तो ते करू शकत होता, कारण एकोणचाळीस वर्षं त्याने दुसरं काही केलंच नव्हतं. बियाण्याच्या बटाट्यांचा तपासनीस होता तो. उन्हाळाभर हॉलंडच्या उत्तरेला, ग्रोनिंगेनच्या चिकणमातीत सरी-सरीने मान खाली घालून चालायचं, रोगट झाड दिसलं की उपटायचं. हिवाळाभर शेडमध्ये बसून बटाटे मधोमध कापायचे, वास घ्यायचा आणि वर्ग ठरवायचा: अ, ब, क, आणि सर्वांत खाली जनावरांचं खाद्य. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण खोड काही जाईना. शेजाऱ्याची नवी सून पहिल्यांदा कॉफीला आली होती, तेव्हा ती गेल्यावर लुप्पो एवढंच म्हणाला, "ब. पण साठवणीला टिकेल."

फेन्नाचं म्हणणं निराळं होतं. छत्तीस उन्हाळे ती लुप्पोच्या करड्या गाडीत, मागे कॅरव्हॅन जोडून, फ्रान्समधल्या त्याच नदीकाठच्या त्याच कॅम्पिंगच्या तळावर, त्याच सत्तेचाळीस नंबरच्या जागेवर जात होती. सेहेचाळीस नंबरला बेडुमचे लोक, अठ्ठेचाळीसला विन्सुमचे. म्हणजे घरून सायकलने जी माणसं भेटली असती, त्यांनाच भेटायला हजार किलोमीटर जायचं. फ्रान्स तिने पाहिला तो पावाच्या दुकानापुरता, आणि वाटेतला युरोप पाहिला तो पुढच्या ट्रकच्या पाठीवर लिहिलेला.

यंदा जानेवारीत तिला सदुसष्टावं लागलं. त्या दिवशी तिने काटा-चमचा खाली ठेवला आणि सांगून टाकलं, "मला उघड्या टपाच्या गाडीतून जायचंय. पुढच्या सीटवर बसून. जमीन संपते तिथपर्यंत."

एकटीला जाता आलं असतं. लायसन्स तिचं होतं, पेन्शन तिची होती, डोळे शाबूत होते. पण एकटीला तिला जायचंच नव्हतं. तिला शेजारी लुप्पो हवा होता. ज्या माणसाने शेजारच्या सुनेला ब वर्ग दिला, तो माणूस शेजारी हवासा वाटावा याची तिची तिलाच जरा लाज वाटायची. पण वाटायचा, त्याला काय करणार.

मग वाटाघाटी झाल्या आणि करार फ्रिजच्या दारावर लागला, दोघांच्या सह्यांनिशी. मार्चचे पहिले तीन शनिवार गाड्या बघायच्या. दोघांना पसंत पडेल ती घ्यायची. तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत काहीच ठरलं नाही, तर लुप्पोने तळाच्या मालकीणबाईंना फोन करून सत्तेचाळीस नंबर पक्का करायचा, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. बाई त्या वेळेपर्यंतच जागा राखून ठेवणार होत्या. सत्तेचाळीस नंबरला सावली होती आणि रांगेत बेल्जियमचे लोक होते.

"ठरलं म्हणजे ठरलं," लुप्पो म्हणाला.

"ठरलं म्हणजे ठरलं," फेन्ना म्हणाली. या भागात या वाक्यापुढे पाद्रीसुद्धा काही बोलत नाही.

पहिल्या शनिवारी ते फेनडमला एका दातांच्या डॉक्टरकडे गेले. गाडी निळी, गोंडस, दोन दारांची. आधी कॉफी झाली. बिस्किटांचा डबा उघडला, प्रत्येकी एक बिस्कीट निघालं आणि डबा बंद झाला. मग लुप्पो कामाला लागला. मोटारीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण बटाट्यातलं सगळं कळत होतं. त्याने बॉनेटवर अंगठा दाबून पाहिला. चाकावरचा रंग नखाने खरवडून पाहिला. सीटवर नाक टेकवून दीर्घ श्वास घेतला.

"ओल नाही," तो म्हणाला. "सालही घट्ट आहे."

"किती किलोमीटर चाललीय ते विचारणार नाही का?" डॉक्टर म्हणाले.

"कोणत्या जमिनीत चालली?"

डॉक्टरांनी फेन्नाकडे पाहिलं. फेन्नाने आभाळाकडे पाहिलं.

लुप्पोने करड्या गाडीतून पोतं उचलून आणलं आणि निळ्या गाडीच्या डिकीत ठेवलं. मापात बसलं. त्याचा चेहरा खुलला. डॉक्टरांनी बटण दाबलं, टप वर उठला, मागे वळला, डिकीत शिरायला गेला आणि पोत्याला अडून थांबला. दातांच्या डॉक्टरची गाडी ती, तिने आ वासला आणि तसाच ठेवला. टप दुमडून डिकीतच जातो, हे त्या घटकेपर्यंत लुप्पोला ठाऊक नव्हतं.

"म्हणजे टप उघडायचा तर बटाटे बाहेर," तो सावकाश म्हणाला, "आणि बटाटे आत तर टप बंद."

"दहा किलो कमी न्या," डॉक्टर म्हणाले.

"त्यातले कुठले दहा?"

घरी चार पोरं असलेल्या बापाला कुणीतरी सांगावं की यातली दीड ठेवून जा, तसा लुप्पो उभा होता.

"बाई, एक स्पष्ट सांगू?" डॉक्टर फेन्नाला म्हणाले. 'स्पष्ट सांगू का' असं इथे विचारतात ते परवानगीसाठी नव्हे. "तुमच्या नवऱ्याला जायचंच नाहीये."

"त्यांना जायचंय," फेन्ना म्हणाली. "बटाट्यांसकट जायचंय, इतकंच." पण परतीच्या वाटेवर डॉक्टरांचं वाक्य तिच्या पायाखाली खड्यासारखं टोचत राहिलं.

दुसऱ्या शनिवारी आसन शहराजवळच्या एका खेड्यात लाल गाडी होती. जाहिरात देणाऱ्याचं नाव हेंडरिकुस. त्याने दार उघडलं तेव्हा त्याच्या डोक्यावर कागदी टोपी होती.

"या, या. आज सासूबाईंचा एक्याण्णवावा वाढदिवस आहे. गाडी नंतर बघू."

आत बैठकीच्या खोलीत खुर्च्यांचं रिंगण, आणि रिंगणात सोळा माणसं. आता इथली रीत म्हणजे रीत: वाढदिवस एकाचा, अभिनंदन सगळ्यांचं. फेन्ना आणि लुप्पो एकेकासमोर जाऊन हात मिळवू लागले. "सासूबाईंबद्दल अभिनंदन." "आईबद्दल अभिनंदन." "आजीबद्दल अभिनंदन." पाचव्या खुर्चीवर गॅसचं मीटर बघायला आलेला माणूस होता. अकरापासून तोही रिंगणात अडकला होता. "ओळख नसलेल्या बाईंबद्दल अभिनंदन," लुप्पोने त्याचाही हात हाती घेतला. सोळावी स्वतः सासूबाई, हिलेख्यें नावाची, वाळलेली, ताठ, कानाला यंत्र.

"हे कोण?" तिने विचारलं.

"गाडी बघायला आलेत, आई."

"कुठली गाडी?"

"बाबांची. लाल."

"कुठे नेणार?"

"पोर्तुगाल," फेन्ना तिच्या कानाशी ओरडली.

मग गाडीचा विषय रिंगणात पडला, आणि रिंगणात पडलेला विषय प्रत्येक खुर्चीवरून फिरल्याशिवाय बाहेर येत नाही. एक काका म्हणाले पोर्तुगालात वारा फार. एक भाची म्हणाली वारा स्पेनमध्ये. मीटरवाला म्हणाला, त्याच्या मते बटाटे उकडून न्यावेत, जागा कमी लागते. त्यावर लुप्पोने त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने केक अर्धा टाकला. शेवटी सगळं रिंगण, खुर्च्यांसकट, अंगणात आलं आणि लाल गाडीभोवती पुन्हा जसंच्या तसं बसलं. बारीक गारा पडत होत्या. कुणी उठलं नाही.

आणि काय सांगावं, डिकी मोठी निघाली! टप दुमडून एका बाजूला गेला, पोतं दुसऱ्या बाजूला बसलं, मध्ये दोन बोटं हवा उरली. लुप्पोने अंगठा दाबला. वास घेतला. पुन्हा घेतला. खोट सापडत नव्हती आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता.

"वर्ग?" फेन्नाने विचारलं.

"अ," लुप्पो म्हणाला. तपासनीस होता तो, खोटा वर्ग त्याला देता येत नव्हता.

रिंगणाने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात लक्षात आलं की सोळा खुर्च्यांपैकी एक रिकामी आहे. हिलेख्यें गाडीत जाऊन बसली होती. पुढच्या सीटवर, मांडीवर केकची बशी घेऊन, पट्टा लावून.

"आई, उतरा."

"मी जाणार आहे."

"कुठे?"

"पोर्तुगालला."

विनवण्या झाल्या. मुलीने केक दाखवला, जावयाने डोळे दाखवले. म्हातारीने कानाचं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि समोर बघत राहिली. अखेर हेंडरिकुसने तिला खेड्यातल्या चर्चभोवती तीन फेऱ्या मारून आणल्या, डिकीत बटाटे तसेच. परत आल्यावर ती म्हणाली, "हे पोर्तुगाल नव्हे," आणि बसूनच राहिली.

"मला वाटतं गाडी आता विकायची नाही," हेंडरिकुस म्हणाला. टोपीवरून गारांचं पाणी त्याच्या नाकावर ओघळत होतं.

पोतं परत करड्या गाडीत गेलं. वाटेत लुप्पो शीळ घालत होता. छत्तीस वर्षांत फेन्नाने त्याची शीळ दोनदाच ऐकली होती, आणि आज ती तिला अजिबात आवडली नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ती खरी, पण नवरा मुलगाच मांडवात खुशीत बसून विघ्नं मोजत असेल तर?

तिसरा शनिवार. फ्रिसलंडात, समुद्राच्या बांधाजवळ, डुर्क नावाचा शाळामास्तर पिवळी गाडी विकत होता. डुर्क दोन मीटर उंच. टप उघडा असला की त्याचं डोकं काचेच्या वर निघायचं.

"उन्हाळ्यात रोज चार-पाच किडे पोटात जातात," तो म्हणाला. "बायको म्हणते, एक तर गाडी विक नाहीतर जेवणाच्या वेळी भूक नाही म्हणू नकोस."

कॉफी, एक बिस्कीट, डबा बंद. लुप्पोने अंगठा दाबला, वास घेतला, डिकी उघडली. डिकी म्हणजे नुसता भास होता. टप आत गेला की एक टॉवेलही मावला नसता.

"अरेरे," लुप्पो म्हणाला. दुःख झाल्यासारखं वाटत नव्हतं.

"मागे बाक आहे की," फेन्ना म्हणाली. "अरुंद आहे, पण पोत्याला काय करायचीय रुंदी?"

लुप्पोने बाक चाचपला. "जमणार नाही. बाक थेट मागच्या चाकांवर येतो. धक्के बसतात. बटाट्याला मुका मार लागतो, फेन्ना. वरून साल धडधाकट आणि आत काळा डाग."

"मग?"

लुप्पो विचारात पडला. खरं सांगायचं तर त्याने इथेच 'नापास' म्हणून हात झटकले असते तर सुटला असता. पण एकोणचाळीस वर्षांची सवय. माल साठवायला जागा शोधून द्यायची, हेही तपासनिसाचंच काम. तो गाडीभोवती दोनदा फिरला आणि स्वतःच्याही नकळत त्याला ती सापडली. त्याने पोतं उचलून पुढच्या सीटवर बसवलं. गाडीने ठणाणा सुरू केला. सीटवर वजन पडलं की तिला वाटतं माणूस बसला, आणि पट्टा लावेपर्यंत ती गप्प बसत नाही. लुप्पोने पट्टा ओढून पोत्याला लावला. ठणाणा थांबला. उन्हाने बटाटे हिरवे पडतात म्हणून त्याने आपला कोट काढला आणि पोत्यावर पांघरला.

"आणि मी?" फेन्ना म्हणाली.

"तू मागे. तुला मुका मार लागत नाही."

तो हे टोचून बोलला नव्हता. त्याची समजूतच तशी होती. डुर्क मास्तर खाली बघून बुटाने खडा उडवत राहिला.

फेन्ना मागच्या बाकावर आडवी बसली, गुडघे हनुवटीला, डोकं वाऱ्यात. डुर्कने किल्ली दिली, लुप्पोने चाक धरलं आणि गाडी बांधावरच्या रस्त्याला लागली. मेंढ्या बाजूला झाल्या. मार्चचा वारा, आणि कोट पोत्याच्या अंगावर. प्रत्येक खड्डा तिच्या माकडहाडात मोजला जात होता. पण वर, डोक्यावर, मधे काहीही न येता, आभाळ होतं! केवढं ते आभाळ. थंडीने दात वाजत असतानाही तिला हसू आलं. हेच तर तिला हवं होतं, फक्त एक सीट पुढे.

आणि मग लुप्पो बोलला. बांध वळला, डावीकडे सगळं मोकळं झालं, तशी त्याने शेजारी मान वळवली, हात लांब केला आणि हळू आवाजात म्हणाला, "ते बघ. समुद्र."

पोत्याला म्हणाला.

"लुप्पो, गाडी थांबव."

"का? उलटी होतेय?"

"थांबव म्हणते ना!"

गाडी थांबली. एक मेंढी येऊन दिव्याचा वास घेऊ लागली.

"आत्ता काय म्हणालास तू?"

"कुठे काय?"

"पोत्याला काय म्हणालास?"

लुप्पोचे कान लाल झाले. "ते बघ म्हणालो. समुद्र."

"छत्तीस उन्हाळे मी त्या सीटवर बसले. हजार किलोमीटर जायचं, हजार किलोमीटर यायचं. मला एकदा तरी म्हणालास 'ते बघ'?"

लुप्पोने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "एकदा म्हणालो होतो. फ्रान्समध्ये, लील शहराजवळ."

"'तो बोर्ड बघ' म्हणाला होतास. टोलचा. सुट्टे काढायला!"

"हो. तेच."

"माझ्याशी बोलायला तुला जड जातं आणि बटाट्यांना समुद्र दाखवतोस? अरे, कोट घातलास त्यांना! पट्टा लावलास! मी तुझी कोण, पोत्याची सवत?"

लुप्पो स्टिअरिंगकडे बघत बसला. इतका वेळ बसला की मेंढी कंटाळून निघून गेली.

"पोतं उत्तर देत नाही," तो शेवटी म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे काही बोललं तरी चालतं. फेन्ना, कॅरव्हॅन असली की काम असतं. पाय समतल करा, पाणी भरा, गॅसची नळी बघा, खुंटे ठोका. दिवस जातो. या गाडीत काय आहे? तू आणि मी. सात आठवडे. मला भीती वाटते."

"कसली?"

"तुला कळेल याची. माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही. मी आयुष्यभर खाली बघितलंय, रोगट झाडं शोधत. दुसऱ्याच आठवड्यात तुझ्या ध्यानात येईल, घरापासून दोन हजार किलोमीटरवर. मग तू काय करशील?" "बटाटे असले की निदान सहा वाजता ते सोलायचे असतात."

फेन्नाचा राग होता तिथेच होता, पण त्याला आता बसायला जागा पुरेना. दातांचा डॉक्टर चुकला नव्हता आणि बरोबरही नव्हता. हा माणूस प्रवासाला भीत नव्हता. तिला भीत होता. इतकी वर्षं. तिला रडू आलं आणि रडू आल्याचाच राग आला.

ती बाकावरून उतरली. शेतकऱ्याची लेक होती. तिने पट्टा सोडला, पंचवीस किलोचं पोतं कवेत धरून उचललं आणि मागच्या बाकावर आदळलं.

"मुका मार..." लुप्पो पुटपुटला.

"लागू दे."

तिने त्याचा कोट स्वतःच्या अंगात घातला, पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावला. "हां. आता मला दाखव समुद्र."

लुप्पोने हात लांब केला. दोघांनी पाहिलं. समुद्र नव्हता. ओहोटी लागलेली होती आणि क्षितिजापर्यंत नुसता करडा चिखल पसरला होता. त्यात दोन पक्षी चोची खुपसत होते.

"हा चिखल आहे, लुप्पो."

"येईल पाणी."

"केव्हा?"

"पाचसहापर्यंत."

घड्याळात बारा वाजले होते. "मग थांबू," फेन्ना म्हणाली.

आणि ते थांबले. टप उघडा, इंजिन बंद. लुप्पोला हाताशी काम नव्हतं. पहिला तास त्याने गुडघे चोळण्यात काढला. दुसऱ्या तासाला तो उठून टायरवर अंगठा दाबायला निघाला, तेव्हा फेन्नाने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि तो परत बसला. दोघं बोलले नाहीत. फेन्नानेही काही सुचवलं नाही. मध्ये पाऊण तास पाऊस पडला. टप कसा लावायचा ते दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून ते भिजले, आणि मग वाऱ्याने वाळले.

तीन वाजता डुर्क मास्तर सायकलवरून धापा टाकत आला.

"मी पोलिसांना फोन करणार होतो," तो म्हणाला. "मग म्हटलं, तुमची गाडी माझ्या दारात आहे आणि ती जास्त चांगल्या अवस्थेत आहे. काय, बिघडली का?"

"नाही," फेन्ना म्हणाली. "समुद्राची वाट बघतोय."

डुर्कने चिखलाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. त्याला यात काही वावगं दिसलं नाही. "अजून दोन तास तरी लागतील. गाडी घेताय का?"

दोघं चिखलाकडे बघत राहिले. "बरं," म्हणत डुर्कने खिशातून पाव काढला, बांधावर उभ्या-उभ्या खाल्ला आणि परत गेला.

चारनंतर चिखलावर एक रेघ चमकायला लागली. मग दोन. पाणी येत होतं, घाई न करता. साडेचारला लुप्पोने खिशातून फोन काढून समोर ठेवला. फेन्नाने तो पाहिला. फ्रिजवर करार होता, खाली तिची सही होती. गाडी ठरली नव्हती. पाचच्या आत लुप्पोने फोन करायचा, आणि सत्तेचाळीस नंबर, आणि बेडुम आणि विन्सुम, जन्मभर. आठवण करून द्यायची नाही आणि अडवायचंही नाही, असं तिने ठरवलं. ठरलं म्हणजे ठरलं.

पाचला पाच मिनिटं असताना लुप्पोने फोन हातात घेतला. हातात धरून तो समोर बघत राहिला. पाणी आता खालच्या दगडांशी आलं होतं. पाच वाजले. पाच वाजून एक मिनिट झालं. मग फोन वाजला; मालकीणबाईंचं नाव पडद्यावर लकाकलं, कारण छत्तीस वर्षांत हा माणूस कधी मिनिटभर चुकला नव्हता, आणि त्या घाबरल्या असतील. फोन वाजत राहिला. लुप्पो हलला नाही. फोन थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला.

तो आता 'ते बघ' म्हणेल असं फेन्नाला वाटलं. तो तसं म्हणाला नाही. त्याने घसा खाकरला आणि अख्ख्या संसारात विचारला नव्हता असा प्रश्न विचारला.

"तुला तिथे काय बघायचंय? पोर्तुगालला?"

फेन्नाने मनात शोधलं. पुढची सीट होती, आभाळ होतं, वारा होता, शेजारी लुप्पो होता. आणि त्यापुढे, जमीन संपते तिथे, नुसता करडा चिखल. इतके महिने ती भांडत होती ती जागेसाठी. तिथे बसून काय बघायचं, काय बोलायचं, हे तिने कधी मनात आणलंच नव्हतं. तिची मान आपोआप खाली गेली.

"मला माहीत नाही, लुप्पो," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही."

लुप्पोने तिच्याकडे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं, आणि वर्ग दिला नाही.

"मग तर जायलाच हवं," तो म्हणाला.